अकोल्यात दुपारी दोनला कोण चालतं?

माधवीताई खंडारेंना एखादा प्रश्न पडला की तो सुटेस्तोवर त्यांना अन्न गोड लागत नसे. ही खोड लहानपणापासूनची. तिवशाजवळच्या त्यांच्या खेड्यात हापशी बिघडली होती आणि दुरुस्तीला माणूस आला होता, तेव्हा ही सात-आठ वर्षांची पोर भर उन्हात त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. दांडा खाली दाबला की पाणी वर कसं येतं, एवढंच तिला विचारायचं होतं. तो माणूस आधी हसला, मग वैतागला, आणि शेवटी त्याने आतला चामड्याचा वायसर काढून तिच्या हातावर ठेवला. "हे घे, पाह्य." पोरीने तो उलटासुलटा करून पाहिला, त्याला परत दिला, आणि घरी येऊन आईला सगळी हापशी समजावून सांगितली. आईने पाण्याची घागर कुठे आहे ते विचारलं. घागर हापशीजवळच राहिली होती.

तिचा थोरला भाऊ संघपाल तिला तेव्हापासून काहूनबाई म्हणायला लागला. "काहून? काहून? दुसरा शब्दच नाही हिच्या तोंडात."

पुढे शिक्षण बारावीपर्यंत झालं आणि अमरावतीच्या एका विज्ञान महाविद्यालयात प्रयोगशाळेत नोकरी लागली. लंबक टांगून ठेवायचे, भिंगं पुसायची, तारा जोडून द्यायच्या. प्राध्यापक मुलांना शिकवायचे आणि माधवीताई मागच्या कपाटाशी उभ्या राहून ऐकायच्या. कळलं नाही तर तास संपल्यावर विचारायच्या. काही प्राध्यापक समजावून सांगायचे, काही घड्याळाकडे बघायचे. तीस वर्षं अशी गेली. लग्न झालं, आकांक्षा झाली, ती शिकून पुण्याला नोकरीला लागली. यजमान गोवर्धन एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, मग माधवीताईही झाल्या.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ भरपूर आणि प्रश्न मात्र कमी, अशी अवस्था झाली होती. तेवढ्यात दिवाळीला आकांक्षाने दोन स्मार्ट घड्याळं आणली. एक आईला, एक अकोल्याच्या मामाला.

मामा म्हणजे संघपाल तायडे. जिल्हा परिषदेत नोकरी करून निवृत्त झालेला. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा हैदराबादला. डाबकी रोडच्या मागच्या गल्लीत एकटाच राहायचा. अंगाने भरलेला, गुडघे कुरकुरणारे, आणि चालण्याचा मनापासून कंटाळा. गल्लीच्या तोंडाशी पानठेला, तर तिथवर जायलाही स्कूटर काढायचा. साखर निघाल्यावर डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं. आकांक्षाने म्हणूनच दोघांची घड्याळं एकमेकांना जोडून दिली. मामा किती चालला ते आईला तिच्या फोनमध्ये दिसायचं, आई किती चालली ते मामाला.

"आई, तुझं बघून तरी मामा उठेल," आकांक्षा म्हणाली.

मामा उठला नाही. माधवीताई सकाळी छत्री तलावाला फेरी मारायच्या, संध्याकाळी भाजीला पायी जायच्या, आणि रात्री फोन उघडला की संघपालच्या नावापुढे जेमतेम काही शे पावलं दिसायची. त्या त्याला चिडवायच्या. तो म्हणायचा, "तुई घडी भारी असन, माही हलकी आहे." दोन्ही घड्याळं एकाच डब्यातून निघाली होती.

थंडी अशी गेली. मग मार्च लागला आणि काहीतरी विचित्र झालं.

एके संध्याकाळी फोन उघडला तर संघपालचे आकडे माधवीताईंच्या वर. त्यांना वाटलं, कुठे लग्नाला गेला असेल, चालणं झालं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. पुढच्या आठवड्यात तर तो दहा हजारांच्याही पार गेला. फोनमध्ये त्याच्या नावापुढे सोनेरी गोल चिन्ह आलं, ठरवलेलं रोजचं ध्येय गाठल्याचं.

त्यांनी फोन लावला. "दादा, तू एवढा कुठी चालून राहिला?"

"चालतो बा, इकडंतिकडं."

"गुडघे?"

"गुडघ्यांचं काय, ते आहेत तसे आहेत." मागून लहान लेकरू कुरकुरल्याचा आवाज आला. टीव्ही असेल असं माधवीताईंना वाटलं. "बरं ठेवतो माधे, कामात हाय मी."

कामात? संघपाल?

"तुमाले काय वाटते?" त्यांनी गोवर्धनना विचारलं.

गोवर्धन पेपर वाचत होते. "पंख्याले बांधली असन घडी," ते म्हणाले आणि पान उलटलं.

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. माधवीताईंनी आपलं घड्याळ काढलं. पंख्याला बांधायला धजल्या नाहीत, पण कूलरच्या अंगाला सुतळीने बांधून कूलर सुरू केला. कूलर थडथडत होता, घड्याळही थडथडत होतं. अर्ध्या तासाने पाहिलं तर एकही पाऊल वाढलं नव्हतं.

"थडथडीले फसत नाही ते," त्यांनी गोवर्धनना कळवलं. गोवर्धनना त्याचं ना सुख ना दुःख.

आता त्यांनी वेगळी पाळत ठेवली. सकाळी पाहायचं, जेवणाआधी पाहायचं, चहाच्या वेळी पाहायचं. चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी संघपालचा आकडा जागचा हलत नसे. तो वाढायचा दुपारी, दोन ते चारच्या मधे, भसाभस. संध्याकाळी पुन्हा सामसूम.

इथे मात्र माधवीताईंची झोप उडायची पाळी आली. एप्रिल लागला होता. दुपारी दोनला अकोल्याच्या रस्त्यावर कुत्रंही सावली सोडत नाही. त्या उन्हात गुडघे दुखणारा, साखर असलेला, पासष्टीचा माणूस रोज दोन तास चालतो? आणि सकाळी गारव्यात घरी बसतो? काहून?

उत्तर सापडायला सुरुवात झाली ती कैरीपासून. मेथांब्यासाठी त्या कैऱ्या किसत बसल्या होत्या. किसणीवर हात खालीवर, खालीवर. मधेच मनगटावर घड्याळ थरथरलं आणि त्यावर रंगीत फटाके उडाले. ध्येय पूर्ण, अभिनंदन. माधवीताई पाटावर मांडी घालून बसल्या होत्या, तासाभरात उठल्याही नव्हत्या.

त्यांनी कैरी तशीच खाली ठेवली.

मग दोन दिवस घरात प्रयोगशाळा झाली. किसणं मोजलं जातं. कणीक तिंबणं थोडंफार मोजलं जातं. सरगुंडे करताना काडीवर कणीक गुंडाळतात, ते मोजलं जात नाही, कारण तिथे फक्त बोटं फिरतात. लयीत टाळ्या वाजवल्या तर मोजतं, अधूनमधून वाजवल्या तर नाही. आकांक्षाला फोन करून त्यांनी विचारलं, तिने ऑफिसातल्या कोणाला विचारून सांगितलं की आत एक बारीकसा तुकडा असतो, हात किती झटक्याने, कोणत्या दिशेला हलला ते त्याला कळतं. चालताना हात लयीत मागेपुढे होतात. तशी लय सापडली की घड्याळ म्हणतं, माणूस चालतो आहे.

"म्हंजे त्याले पाय दिसतच नाहीत," माधवीताई म्हणाल्या.

"नाही ना आई. ते अंदाज बांधतं."

"हुशार आहे. आमचे विद्यार्थीबी असेच करत. प्रयोग न करता आकडे लिहीत."

एवढं कळल्यावर खरं तर प्रश्न सुटायला हवा होता, पण तो आणखी मोठा झाला. संघपाल दुपारी दोन तास हाताने काय करतो? स्वयंपाक तो करत नव्हता, डबा यायचा. कैऱ्या किसायचा प्रश्नच नाही. सुतारकाम? रंगकाम? बाईबिईचा काही मामला तर नाही? पण त्यात एवढा वेळ हात कशाला हलेल, हे त्यांना सुचेना. फोनवर विचारलं की तो "कामात हाय" म्हणून ठेवून द्यायचा.

शेवटी एका मंगळवारी माधवीताईंनी सरगुंड्यांचा डबा भरला आणि सकाळचीच अकोल्याची एसटी धरली.

"फोन करून जा," गोवर्धन म्हणाले.

"फोन केला तर तो करणं थांबवन ना. मंग काय पाहू मी?"

अर्ध्या तिकिटात त्या खिडकीशी बसल्या. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं, खिडकीतून भट्टीसारखी हवा यायला लागली. अकोल्याला उतरून त्यांनी एका हॉटेलात पंख्याखाली बसून ताक घेतलं आणि दोन वाजायची वाट पाहिली. मग ऑटो केला.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. संघपालच्या दाराला बाहेरून कडी होती, कुलूप नव्हतं. स्कूटर जागेवर, गोणपाटाने झाकलेली. म्हणजे लांब गेला नव्हता. माधवीताईंनी डोक्यावरचा पदर सारखा करत इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या घराच्या पायरीवर बायकांच्या चपलांच्या रांगेत एक मोठी, टाचेकडून झिजलेली पुरुषी चप्पल होती. ती चप्पल त्यांनीच रक्षाबंधनाला घेऊन दिली होती.

खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावलेला होता. त्यातून भावाचा आवाज आला. तो गात होता. संघपालला सूर कधी सापडला नव्हता, तो आत्ताही सापडलेला नव्हता, पण चाल अंगाईची होती.

"पूर्णा नदीचा उगम कुठी गं बाई, उगम कुठी..."

आतल्या खोलीतून तरुण बाईचा आवाज आला, "सातपुड्यात! मध्य प्रदेशात!"

"बरोबर आहे गं बाई, बरोबर आहे... लोकसभेले राज्यात जागा किती गं बाई, जागा किती..."

"अठ्ठेचाळीस!"

माधवीताईंनी पडदा बाजूला सारला.

खोलीच्या मधोमध छताच्या कडीला नऊवारी लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीला दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर बसलेला संघपाल. उजव्या हाताने तो दोरी ओढत होता आणि सोडत होता. त्याच उजव्या मनगटावर घड्याळ. मांडीवर प्रश्नांचं जाडजूड पुस्तक उघडं. घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

त्याने मान वर केली, बहिणीला पाहिलं, आणि दोरी न थांबवता तोंडावर बोट ठेवलं.

"आताच डोळा लागला तिचा," तो कुजबुजला. "थांबलं की जागी होते. आत ये, चप्पल वाजवू नको."

माधवीताई आत आल्या. झोळीत डोकावल्या. सहा महिन्यांची गोबरी पोर मुठी आवळून झोपली होती.

आतल्या खोलीतून एक पंचविशीतली मुलगी वही हातात घेऊन आली. तिचं नाव खुशी. गोंधळून तिने आधी संघपालकडे पाहिलं, मग पटकन वाकून नमस्कार केला. तिची सासू पार्वताबाई दिवसभर बाजारात भाजी विकायची, नवरा किशोर वरुडहून संत्र्याचा ट्रक घेऊन परराज्यात जायचा, महिन्यातून चार दिवस घरी. खुशी सरकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करत होती. परीक्षा मे महिन्यात, आणि पोरगी दुपारी झोळी हलल्याशिवाय झोपेना.

"मार्चमधी एक दिवस फार रडून राहिली होती हे," संघपाल हळू आवाजात सांगू लागला. "मी घरी झोपलो होतो, आवाज काही थांबेना. आलो पाहाले. तर खुशी एका हातानं दोरी ओढे, एका हातानं पुस्तक धरे, अन् दोन्ही होत नव्हतं. म्हटलं दे दोरी इकडं. तवापासून येतो."

"काकाजी नसते तर मी फॉर्म भरूनच बसली असती," खुशी म्हणाली.

"नाव काय लेकराचं?"

"आर्वी."

"आर्वी? वर्ध्याकडचं गाव आहे ना ते?"

"मीबी हेच म्हटलं होतं," संघपाल म्हणाला. "तर म्हनते, आता असेच नावं ठेवतात काकाजी."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

संघपालने दोरीकडे पाहिलं. "काय सांगू? आपला पोट्टा झाला तवा मी यवतमाळले बदलीवर. त्याले झोळीत पाहिलंच नाही मी. आता म्हातारपणी दुसऱ्याच्या घरी पाळणा हालवतो, हे तुले सांगितलं असतं तर तू हसली असती."

माधवीताई हसल्या नाहीत. खाटेच्या कडेवर बसून त्या त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या. ओढ, सोड. ओढ, सोड. अगदी चालणाऱ्या माणसाच्या हाताची लय. अमरावतीत बसून त्या जे रोज फोनमध्ये पाहत होत्या ते हे होतं. त्यांना इतका आनंद झाला की टाळी वाजवावीशी वाटली, पण पोर झोपली होती.

"घडी उजव्या हाताले काहून?"

"डाव्याले घामोळ्या झाल्या." संघपालचा चेहरा एकदम खुलला. "अन् माधे, घडी लय खुश आहे माह्यावर. रोज फटाके फोडते. डॉक्टरलेबी दाखवलं मी. म्हटलं पाहा साहेब, रोज दहा हजाराच्या वर."

माधवीताईंचा चेहरा बदलला. "मंग डॉक्टर काय म्हनले?"

"ते जरा चक्रावले. म्हनले एवढं चालूनबी साखर काहून उतरत नाही. गोळी वाढवून दिली."



"दादा," माधवीताई म्हणाल्या, "तू तर बसून आहे."

"हाव. पण घाम येते ना. मले वाटलं, घडी शास्त्राची वस्तू आहे. ते म्हनते चालला, तर दोरी ओढणंबी चालन्यासारखंच असन. मी कोन नाही म्हननारा?"

माधवीताईंनी त्याला सगळं सांगितलं. कैरी, कूलर, टाळ्या, आतला बारीक तुकडा. घड्याळाला पाय दिसत नाहीत, ते हाताच्या लयीवरून अंदाज बांधतं. संघपाल ऐकत होता आणि हात चालूच होता. शेवटी त्याने मनगट डोळ्यांजवळ आणलं, जणू घड्याळ काही बाजू मांडेल.

"म्हंजे मी चाललोच नाही," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज पडला होता.

खुशी दारात उभी होती. "माह्यामुळं तुमची गोळी वाढली काकाजी? राहू द्या उद्यापासून. मी करीन कसंबी."

"तू आत जा, पुस्तक उघड," संघपाल म्हणाला. "ते माहं अन् घडीचं भांडण आहे. तुहा काय संबंध?"

माधवीताई त्या दिवशी परतल्या नाहीत. गोवर्धनना फोन करून सांगितलं की उत्तर सापडलं पण काम निघालं. संध्याकाळी ऊन कललं, पार्वताबाई बाजारातून आल्या, तेव्हा आर्वी जागी होऊन किरकिर करत होती. माधवीताईंनी फर्मान काढलं, "दादा, लेकराले घे अन् चाल. तिलेबी हवा लागन, तुलेबी."

संघपालने घड्याळात पाहून आकडा बहिणीला वाचून दाखवला, आणि पोरीला दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाला. माधवीताई बरोबर. गुडघे कुरकुरले, पण आर्वी रस्त्यावरच्या प्रत्येक म्हशीकडे मान वळवून पाहायची, त्यामुळे थांबायला निमित्त मिळायचं. डाबकी रोडने पार पुढच्या चौकापर्यंत जाऊन ते परत आले. संघपालला धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता.

"आता पाह्य," माधवीताई खात्रीने म्हणाल्या. "हे खरे पडतील."

त्याने पाहिलं. आकडा निघताना जिथे होता जवळपास तिथेच होता.

दोघं बहीणभाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या चिमुकल्या पडद्याकडे बघत राहिले.

"बसलो तर म्हनते चालला," संघपाल म्हणाला, "अन् चाललो तर म्हनते बसला. ही कोनती घडी दिली मले तुह्या पोरीनं?"

माधवीताईंना मात्र हसू फुटलं, मोकळं, पोट धरून. हे त्यांना सुचलंच नव्हतं. घरी एवढे प्रयोग केले, पण दोन्ही हातांत काही धरून चालून पाहिलं नव्हतं. पोरीला धरलेले हात हललेच नव्हते, मग घड्याळाला कळणार कसं? चूक आपली, आणि त्यातून नवा प्रश्न हाती लागलेला. वर्षभरात त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संघपालच्या पायमोज्यात घड्याळ खोचलं, घोट्याच्या वर. पट्टा पुरत नव्हता, म्हणून मोजाच. संघपाल चप्पलवाला माणूस, कपाटाच्या तळातून नोकरीतले काळे मोजे काढावे लागले. त्या मोज्यांवर चप्पल घालून तो गल्लीत उतरला तेव्हा पानठेलेवाला बघतच राहिला. पण पोरीला घेऊन फिरून आल्यावर आकडा वाढलेला होता. माधवीताई मनात पावलं मोजत बरोबर चालल्या होत्या. थोडा फरक निघाला, पण जुळण्यासारखा.

त्याच दिवशी त्या त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. संघपाल दारातूनच परत फिरायला बघत होता. "काय सांगू त्याइले? पाळणा हालवत होतो म्हनून?"

"तेच सांग."

त्याने सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. मग हसू आवरून त्यांनी लेकराचं वय विचारलं, फिरण्याची वेळ विचारली, आणि सांगितलं की पंधरा दिवस पायांनी चाला, मग रक्त तपासू, मग गोळीचं बघू. तोवर गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

माधवीताई अमरावतीला परतल्या. आता त्या रोज फोन उघडायच्या तेव्हा संघपालच्या नावापुढे छोटासा आकडा असायचा, सोनेरी चिन्हाबिन्हाशिवाय. दुपारी दोरी ओढताना तो घड्याळ काढून खुंटीला लावायचा, आणि सकाळ-संध्याकाळ मोज्यात घालायचा. आकडा हळूहळू वाढत होता. एके दिवशी तो एकदम दुप्पट झाला तेव्हा माधवीताईंनी लगेच फोन केला.

"काय हालवलं आज?"

"काही नाही वो! आर्वीले गाय दाखवाले नेलं होतं. गाय पुढंपुढं गेली, आमी मागंमागं."

पंधरा दिवसांनी साखर उतरली, फार नाही, पण उतरली. डॉक्टरांनी गोळी पूर्वीइतकी केली.

मे महिन्यात खुशीला परीक्षेचं केंद्र आलं ते अमरावतीच. आदल्या दिवशीच ती आर्वीला घेऊन माधवीताईंकडे उतरली. सोबत संघपालही होता. "लेकराले माही सवय आहे," हे त्याचं कारण. गोवर्धननी कधी नव्हे ते उठून स्वतः दिवाणखान्याच्या कडीला दोरी बांधली आणि तिला लोंबकळून ती पक्की आहे का ते पाहिलं.

सकाळी तिघं मिळून केंद्रावर गेले. खुशी आत गेली. फाटकाबाहेर बापांची, भावांची, नवऱ्यांची गर्दी, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या हातात पिशवी. कडुनिंबाच्या सावलीत संघपाल आर्वीला खांद्यावर टाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता. दोन दाढीवाल्या पोरांनी त्याच्या काळ्या मोज्यांकडे पाहून एकमेकांना कोपराने ढोसलं. त्याला पत्ता नव्हता. तो तिला हळू आवाजात राज्यातली धरणं म्हणून दाखवत होता.

माधवीताई सावलीत दगडावर बसल्या होत्या. आत कॉम्प्युटरवर परीक्षा असते म्हणतात, मग प्रत्येकाला वेगळे प्रश्न येतात का? वेगळे आले तर सोपे-अवघड कसं जुळवतात? शेजारच्या बाईला त्यांनी विचारून पाहिलं. तिला ठाऊक नव्हतं, पण तिचा भाऊ मागच्या खेपेला बसला होता. तिने त्याला हाक मारली. तो सांगू लागला, माधवीताई पुढे सरकून ऐकू लागल्या.

फाटक उघडलं. खुशी बाहेर आली, केस विस्कटलेले, हातात ओळखपत्र. आर्वीने तिला पाहताच संघपालच्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे केले.

"कसा गेला पेपर?" संघपालने विचारलं.

"बरा गेला काकाजी. एक गणित राह्यलं. दोन नळ हौद भरतात अन् एक रिकामा करते, तेच नेहमीचं, पण आकडे असे काही होते की जमलंच नाही."

"आकडे आठवतात का?" माधवीताईंनी विचारलं आणि झाडाखालून एक काडी उचलली.

खुशीने पोरीला कडेवर घेतलं, खाली बसली, आणि मातीत हौद काढायला लागली.